दोन बाभळी, दोन नावं: महाविद्यालयातल्या झाडांच्या पाट्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं वरिष्ठ महाविद्यालय. आवार मोठं, झाडं दोनशेच्या आसपास. मी तिथं वनस्पतिशास्त्र शिकवते. गावाचं, महाविद्यालयाचं आणि माणसांचं नाव इथं मुद्दाम दिलेलं नाही. झाडांची नावं मात्र खरी आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्याच नावांचं आहे.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जानेवारीत ठरली होती. हिरव्या परिसराच्या फाइलीत झाडांची यादी लागते, आणि झाडांवर पाट्या असल्या की फोटोही बरे येतात. जूनमध्ये एका ठेकेदाराला काम दिलं. प्रत्येक झाडावर ॲल्युमिनियमची पाटी, तिच्यावर मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ, उपयोग आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. महिनाभरात पाट्या लागल्याही, त्याही थेट खिळे ठोकून. 

आमच्या विभागाला कुणी विचारलंच नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण छपाईआधी यादी माझ्याकडे आली होती. पेपर तपासणीचे दिवस होते. मी ती चाळली, दोन स्पेलिंगं दुरुस्त केली आणि सही करून टाकली. या प्रकरणातली पहिली चूक ती, आणि ती माझी.

अडचण कशी कळली

ऑगस्टमध्ये आमचे माळी तात्या विभागात आले. जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाची मुलं आवार बघायला आली होती.

"मॅडम, ती पोरं भिंतीकडच्या उंच झाडाची साल मागत्यात. अशोकाची साल औषधाला लागती म्हणं. द्यायची का?"

भिंतीकडं जी रांग आहे ती शाळा, बंगले आणि सरकारी विश्रामगृहांभोवती हटकून दिसणाऱ्या झाडांची. सरळसोट, खाली झुकलेल्या फांद्यांची, लांब आणि कडेला लाटा असलेल्या पानांची. लोक त्याला अशोक म्हणतात. पाटीवरही 'अशोक' होतं, आणि खाली 'सराका इंडिका'. उपयोगाच्या रकान्यात तर 'स्त्रीरोगांवर गुणकारी'.

ते झाड सराका नाहीच. अशोकारिष्टात ज्याची साल पडते तो सीता अशोक निराळा. त्याचं पान संयुक्त, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती, फुलं केशरी-लाल झुबक्यांची, आणि त्या फुलांना पाकळ्याच नसतात, रंग असतो तो निदलांचा, म्हणजे कळीवरच्या वेष्टनाचा. कुळ शेंगा धरणाऱ्यांचं, म्हणजे फॅबेसी. भिंतीकडचा उंच गडी ॲनोनेसी कुळातला, म्हणजे सीताफळाचा भाऊबंद. सीता अशोक तो नव्हे, सीताफळाचा नातेवाईक मात्र तो. या साल-बदलाचा प्रश्न औषधांच्या बाजारात जुनाच आहे. आता आम्ही त्याच्यावर महाविद्यालयाचा शिक्का मारून ठेवला होता.

मी तात्यांबरोबर सगळं आवार फिरले. तात्या एकेका पाटीपाशी थांबत, वाचत नसत, झाडाकडं बघत आणि विचारत, "ह्याला काय लिवलंय?" मी वाचून दाखवायची. ग्रंथालयामागं 'आपटा' लिहिलेल्या झाडापाशी ते हसले. "आपटा? हा कांचन हाय. दरसाली दसऱ्याला लोक सोनं म्हणून ह्याचीच पानं वरबाडून नेत्यात. आपटा त्या ओढ्याकडं हाय, खुरटा. त्याला पाटीच न्हाई."

पाण्याच्या टाकीशी बाभूळ आहे. तिच्या पाटीवर 'अकेशिया निलोटिका'. वसतिगृहामागं दुसरी बाभूळ, हुबेहूब तीच. तिच्या पाटीवर 'व्हॅचेलिया निलोटिका'. ठेकेदारानं अर्धी यादी जुन्या पुस्तिकेतून घेतली होती आणि अर्धी फोनमधल्या ॲपवरून. 

दोन दिवसांनी टी.वाय.च्या एका मुलीनं वर्गात विचारलं, "मॅडम, गेटवरच्या ऑस्ट्रेलियन बाभळीला अकेशिया लिहिलंय आणि आपल्या बाभळीला व्हॅचेलिया. हे उलटं नाही का?"

उलटं नव्हतं. पण हे समजावताना माझा अख्खा तास गेला, आणि आपण एका यादीत तीन निरनिराळ्या चुकांची खिचडी केली आहे, हे मला त्या तासात उमगलं.

चूक एक नव्हती, तीन जातींच्या होत्या

भिंतीकडच्या झाडाला सराका म्हटलं, ती ओळखण्यातली चूक. झाड एक, नाव दुसऱ्याचं. ती कुठल्याही काळात चूकच.

तुळशीची गोष्ट वेगळी. वृंदावनावर 'ऑसिमम सँक्टम' होतं. झाड बरोबर ओळखलेलं. पण शास्त्रीय नामकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसनं या एकाच वनस्पतीला दोन नावं दिली होती, १७५३ मध्ये ऑसिमम टेन्युइफ्लोरम आणि १७६७ मध्ये ऑसिमम सँक्टम. वनस्पतींच्या नामकरणाचा नियम सांगतो की आधीचं नाव चालणार. मोजणी १ मे १७५३ पासून, म्हणजे लिनिअसच्या 'स्पेसीज प्लँटारम'पासून. तेव्हा 'सँक्टम' म्हणजे 'पवित्र' गेलं आणि 'टेन्युइफ्लोरम' म्हणजे 'नाजूक फुलांची' राहिली. हा नामकरणाचा प्रश्न. यात मताला जागा नाही, तारीख बघायची. सीता अशोकाच्या नावाचंही असंच. पाटी खऱ्या सीता अशोकावर असती तरी 'सराका इंडिका' चूकच ठरलं असतं. लिनिअसनं ते नाव दिलेली जात आग्नेय आशियातली. आपल्याकडची सराका असोका. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं अठराव्या शतकाच्या शेवटी तिला विल्यम जोन्सच्या नावानं 'जोनेसिया असोका' म्हटलं होतं. त्यातलं 'असोका' तेवढं टिकलं.

बाभळीचं प्रकरण तिसऱ्या जातीचं, आणि सर्वांत रंगतदार. इथं झाड बरोबर, तारखाही ठरलेल्या, पण मूळ गट किती मोठा धरायचा यावर मत बदललं. ते वर्गीकरण.

थोडं थांबून सांगायला हवं. लिनिअसनं १७५३ मध्ये बाभळीला 'मिमोसा निलोटिका' म्हटलं. पुढं ती अकेशिया या प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) गेली. 'अकेशिया' हा शब्दच मुळात ग्रीकांनी इजिप्तच्या काटेरी झाडाला, म्हणजे बाभळीलाच, वापरलेला. या प्रजातीत तेराशेहून अधिक जाती गोळा झाल्या. डीएनए बघितल्यावर कळलं की हे एक घराणं नाही, पाच-सहा वेगवेगळी घराणी एका छताखाली राहताहेत. वाटणी करणं आलं. वाटणीत घराचं जुनं नाव कुणाकडं जाणार, याचा नियम पक्का असतो: ज्या जातीला त्या नावाचा नमुना म्हणून बांधलेलं असतं, तिच्या वाट्याचा गट ते नाव ठेवतो. नमुना बाभूळ होती. म्हणजे नाव बाभळीकडं राहणार आणि ऑस्ट्रेलियातल्या नऊशेहून जास्त जातींना नवीन नाव घ्यावं लागणार.

ऑस्ट्रेलियाला ते पटलं नाही. इतक्या जातींची नावं बदलण्यापेक्षा नमुनाच बदला, असा प्रस्ताव आला. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान झालं. निम्म्याहून जास्त मतं त्याच्या विरोधात पडली, पण समितीची शिफारस फिरवायला साठ टक्के लागत होती, तेवढी पडली नाहीत. २०११ मध्ये मेलबर्नला तेच कायम झालं. त्यामुळं अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाकडं गेलं. आपली बाभूळ, हिवर, देवबाभूळ व्हॅचेलियात गेल्या, खैर सेनेगालियात. व्हॅचेलिया हे नाव मकाऊमधल्या ब्रिटिश वखारीवरच्या एका पाद्र्याचं, व्हॅचेलचं. नाईलकाठच्या झाडाला चीनच्या किनाऱ्यावरच्या पाद्र्याचं आडनाव. 

वेड्या बाभळीचं मात्र याच्या नेमकं उलट झालं. तिची प्रजाती प्रोसोपिस २०२२ मध्ये फोडली गेली तेव्हा नमुना आपली शमी होती. म्हणून शमी प्रोसोपिसच राहिली आणि अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ झाली नेल्टुमा. नियम एकच. एकदा आपलं झाड हरलं, एकदा जिंकलं.

पर्याय

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बैठक झाली. प्राचार्य, मी, कार्यालयीन अधीक्षक, आणि मी आग्रहानं बोलावलेले आमचे निवृत्त सर, ज्यांच्या हाताखाली मी शिकले.

काहीच करू नये, असं अधीक्षकांचं म्हणणं. पाट्या लागल्या, बिल निघालं, येणारी समिती काही पुंकेसर मोजत बसणार नाही. व्यवहार म्हणून त्यात तथ्य होतं, हे मी मान्य करते.

प्राचार्यांना स्टिकर हवे होते. चुकलेल्या नावांवर 'नवीन' नावांचे स्टिकर चिकटवायचे, आठवड्यात काम खल्लास. मलाही सुरुवातीला हे पटलं होतं. 

सरांनी एकच प्रश्न विचारला. "करंजाचं काय करणार?"

करंजावर ठेकेदाराच्या पाटीच्या जरा वर, सरांच्या काळातली पत्र्याची पाटी अजून लटकत होती. तिच्यावर रंगानं लिहिलेलं 'पोंगामिया पिन्नाटा'. त्यावर आमच्याच एका सहकाऱ्यानं पुढं कधीतरी फुली मारून 'मिलेशिया पिन्नाटा' केलं होतं, कारण तेव्हा तेच नवीन होतं. आज पुन्हा पोंगामिया धरतात. दक्षिणेतल्या 'पोंगम'वरून आलेलं हे नाव गेलं आणि परत आलं. म्हणजे सरांची गंजलेली पाटी बरोबर, त्यावरची दुरुस्ती शिळी. "नवीन म्हणजे बरोबर, असं नसतं," सर म्हणाले. "कुणाच्या मतानं आणि कधी, हे लिहा."

स्टिकरच्या पर्यायातली खरी खोट मला नंतर दिसली. स्टिकर नाव बदलतं, ओळख तपासत नाही. भिंतीकडच्या झाडाला 'सराका इंडिका'ऐवजी 'सराका असोका' चिकटवलं असतं तर यादी अद्ययावत झाली असती आणि झाड तितकंच चुकीचं राहिलं असतं.

तिसरा पर्याय महागडा होता. सगळ्या पाट्या काढायच्या, प्रत्येक जातीचा नमुना घ्यायचा, फूल-फळ बघून ओळख पटवायची आणि मगच पाटी लावायची. त्याला वर्ष लागतं, कारण झाडं नॅकच्या तारखा बघून फुलत नाहीत. जानेवारीपर्यंत अर्ध्या झाडांवर पाटी नसणार, हे उघड होतं.

मधला मार्ग निघाला. शंका नाही अशी झाडं, म्हणजे वड, पिंपळ, उंबर, आंबा, चिंच, पळस, बहावा, जानेवारीच्या आत. बाकीच्यांवर साधी पाटी: 'ओळख पटवणं चालू आहे', खाली क्रमांक. प्राचार्यांना हे अपूर्ण काम दाखवण्यासारखं वाटलं. सर म्हणाले, "चुकीच्या पाटीपेक्षा रिकामी पाटी बरी." शेवटी प्राचार्य तयार झाले, ते बहुधा सरांच्या वयाकडं बघून.

ठेकेदाराकडं पैसे परत मागायचे का, यावरही पंधरा मिनिटं गेली. त्याचं उत्तर तयार होतं: यादी तुमच्याच मॅडमनं पास केली. खरंच होतं ते. विषय तिथंच मिटवला.

काय केलं

टी.वाय.च्या नऊ मुलांचा गट केला आणि तात्यांना त्यांचा पहिला गुरू. नियम असा ठेवला की आधी तात्या सांगतील ते नाव लिहायचं, मग मुलं झाडाचं वर्णन लिहिणार, मग पुस्तक उघडायचं. ॲप सगळ्यांत शेवटी, आणि तेही फक्त प्रजातीचा अंदाज घ्यायला.

पुस्तक म्हणजे थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, १९०१ ते १९०८ मधला. त्यात बाभळीचं नाव 'अकेशिया अरेबिका', म्हणजे आणखी तिसरंच. मुलं वैतागली. पण त्याच पानावरचं वर्णन, शेंगेला दोन बियांमध्ये आवळल्यासारखी खाच, पिवळी गोल फुलं, काटे जोडीनं, टाकीशेजारच्या झाडाशी तंतोतंत जुळलं. नावं जुनी होतात, वर्णन जुनं होत नाही.

नमुने वाळवण्याची सुरुवात भर पावसाळ्यात झाली, ही चूक. दाबपेटीतले कागद रोज बदलावे लागत. एका सुट्टीत दोन दिवस राहिले, तर कांचनाची पानं काळी पडली आणि कडुनिंबाच्या डहाळीवर बुरशीची पांढरी लव आली. विभागात जुनी वर्तमानपत्रं संपली तेव्हा मुलांनी गावातल्या रद्दीवाल्याकडून किलोनं आणली.

ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधी, ग्रंथालयामागचं झाड फुललं. जांभळट-गुलाबी मोठी फुलं. मुलांनी एक फूल टेबलावर ठेवलं, सुईनं पाकळ्या बाजूला केल्या आणि भिंगाखाली पुंकेसर मोजले. परागकोश धरणारे तीन. कांचनाच्या गटात हा आकडा कामाचा असतो. देवकांचनात तीन, पांढऱ्या-गुलाबी कांचनात पाच, आपट्यात दहा. तीन म्हणजे देवकांचन, बौहिनिया पर्पुरिया. एका मुलानं विचारलं की लिनिअसनं पुंकेसर मोजूनच अख्खी वनस्पतिसृष्टी वर्गांत वाटली होती ना? होय, तीच ती पद्धत. वर्गीकरण म्हणून ती केव्हाच मोडीत निघाली, पण दोन भावंडं वेगळी करायला आजही हाताशी येते. भावंडं हा शब्द इथं जरा जास्तच लागू आहे: बौहिनिया हे नाव बाउहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांचं, पानाचे दोन जुळे भाग बघून दिलेलं.

ओढ्याकाठच्या आपट्याचं फूल बघायला एप्रिल-मे उजाडणार होता. पण त्याच्या जाड, काळपट, न उकलणाऱ्या वाकड्या शेंगा झाडावर होत्या, आणि पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त, चामड्यासारखं. तरी आम्ही पाटी लावली नाही. 'ओळख पटवणं चालू आहे' तशीच ठेवली. हा निर्णय अतिसावध होता, असं मला आज वाटतं. कुणाही शेतकऱ्यानं दोन सेकंदांत सांगितलं असतं. आम्ही आमच्याच नियमाच्या प्रेमात पडलो होतो.

डिसेंबरात वाळलेले चाळीसेक नमुने घेऊन मी आणि दोन मुलं पुण्याला गेलो आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातल्या संग्रहाशी ते ताडून पाहिले. 

मग पाटीवर काय लिहायचं, यावर दोन वाद झाले. 

पहिला 'प्रजाती' या शब्दाचा. मराठी परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. पण हिंदीच्या वळणानं वर्तमानपत्रं स्पीशीजलाच प्रजाती म्हणू लागली आहेत, आणि मुलंही. मसुद्यात 'प्रजाती: निलोटिका' असं छापून आलं होतं. आम्ही शेवटी दोन्ही शब्द पाटीवरून काढून टाकले आणि नुसतं 'शास्त्रीय नाव' ठेवलं. पळ काढला म्हणा हवं तर.

दुसरा कुळाचा. अभ्यासक्रमात बेंथम-हुकर यांची जुनी वर्गीकरण पद्धत, ज्यात शेंगावाल्यांचं एकच कुळ. मधल्या काळात हचिन्सन, क्रॉन्क्विस्ट वगैरेंनी त्याची तीन केली, जुन्या पुस्तिकेत तीच होती. आताची, डीएनएवर आधारलेली एपीजी पद्धत पुन्हा एकच धरते. विभक्त झालेली भावकी परत एका चुलीवर आली. उलट सावर, मुरुडशेंग, फालसा यांची वेगवेगळी कुळं मोडून सगळ्यांना जास्वंदीच्या माल्व्हेसीत नेऊन बसवलं आहे. परीक्षेत एक आणि झाडावर दुसरं नको, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं. मी उलट म्हटलं: दोन पद्धती असतात हे मुलांना झाडाखालीच कळू दे. अखेर पाटीवर एपीजीचं कुळ आणि क्यूआर कोडच्या पानावर दोन्ही.

अंतिम पाटी अशी झाली. वर गावातलं मराठी नाव, मोठं. खाली शास्त्रीय नाव रोमन लिपीत, कारण नियमानं ते लॅटिन नाव आहे, आणि त्याखाली देवनागरीत उच्चार. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'पूर्वीचं नाव'. तळाला दोन गोष्टी ज्या कुठल्याच पाटीवर मी पाहिल्या नव्हत्या: कोणत्या यादीप्रमाणे आणि कोणत्या महिन्यात (आम्ही लंडनच्या क्यू उद्यानाची 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही एकच यादी धरली), आणि 'ओळख पटवली' पुढं सहीची आद्याक्षरं. बाभळीच्या दोन्ही पाट्यांवर व्हॅचेलिया निलोटिका, पूर्वीचं नाव अकेशिया निलोटिका. भिंतीकडच्या रांगेवर 'उभा अशोक (औषधी अशोक नव्हे)' आणि मोनून लाँगिफोलियम. हे झाड पूर्वी पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होतं. मुलांना शेवटचं अक्षर का बदललं ते कळेना. मी म्हटलं, मोठा वाडा, मोठी वाडी, मोठं वाडगं. पॉलिअल्थिया स्त्रीलिंगी, मोनून नपुंसकलिंगी, विशेषण मागोमाग जातं. तीन लिंगं असलेल्या भाषेत वाढलेल्यांना याहून जास्त सांगावं लागत नाही.

खिळे काढले. स्प्रिंगच्या तारेनं पाट्या बांधल्या, खोड वाढलं की तार सैल होते.

काय निष्पन्न झालं

जानेवारीत समिती आली. आवारात वीस मिनिटं फिरली. एका सदस्यांनी 'ओळख पटवणं चालू आहे' या पाटीचा फोटो काढला आणि विचारलं, हे का? गटातल्या एका मुलीनं आपट्याच्या दहा पुंकेसरांचं सांगितलं आणि मे महिन्याचं निमंत्रण दिलं. अहवालात त्याचा उल्लेख आला नाही, चांगला नाही की वाईट नाही.

आयुर्वेद महाविद्यालयाच्या शिक्षकांचा फोन आला. खरा सीता अशोक कुठं बघायला मिळेल? आमच्या आवारात नव्हता. पावसाळ्यात दोन रोपं लावली, पाटी लावलेली नाही, अजून पाच पानांची आहेत.

जूनपर्यंत बहुतेक झाडांना पाट्या लागल्या. आपट्याची दहा पुंकेसरं मेमध्ये मोजून झाली.

पुन्हा करायचं झालं तर

नमुने ऑक्टोबरनंतर घेईन, आणि कागद आधी गोळा करीन. आपट्यासारख्या झाडाला शेंग बघून पाटी लावीन. तात्यांना ऑगस्टमध्ये नव्हे, जूनमध्येच, यादी छापण्याआधी बरोबर घेऊन फिरीन. त्यांना मोबदला काय द्यायचा याचाही विचार तेव्हाच करीन. आम्ही तो केला नाही, आणि त्यांचं नाव क्यूआर कोडच्या पानावर टाकायचं मला दुसऱ्या एका सहकाऱ्यानं सुचवावं लागलं.

'उपयोग' हा रकाना मी काढून टाकीन. आम्ही तो कमी केला, काढला नाही. साल मागायला माणूस येतो तो शास्त्रीय नाव वाचून येत नाही, तो रकाना वाचून येतो.

आणि शिरीषाचं. क्रीडांगणाच्या कडेला एक मोठं झाड आहे. डिसेंबरात घाईनं, पानं आणि पर्णिकांची संख्या बघून, मी स्वतः त्यावर 'शिरीष, अल्बिझिया लेबेक' अशी ओळख पटवली. खाली माझी आद्याक्षरं. पुढल्या श्रावणात त्याच मुलीनं मला ओढत तिथं नेलं. झाड फुललं होतं. शिरीष उन्हाळ्यात फुलतो. आणि खोडाकडं बघा, मॅडम, शिरीषाचं खोड काळपट, खडबडीत असतं, हे फिकट आणि गुळगुळीत आहे. ही किन्हई होती, अल्बिझिया प्रोसेरा. तात्या कडेला उभे होते. त्यांनी डिसेंबरात 'किन्हई' म्हटलं होतं, वहीत तसं लिहिलेलंही सापडलं. मी ते स्थानिक नावांचा घोळ म्हणून बाजूला ठेवलं होतं.

संग्रहातल्या नमुन्यावरची चुकीची चिठ्ठी काढून टाकायची नसते. तिच्याखाली नवी चिकटवायची असते, नाव, तारीख आणि सही घालून. त्या मुलीनं नमुन्याच्या कागदावर माझ्या चिठ्ठीखाली आपली पहिली चिठ्ठी चिकटवली. डिंक वाळेपर्यंत ती त्यावर तळहात दाबून उभी होती.